मदत हवी आहे : नऊ मीटरच्या रस्त्यावर पदपथ आणि सायकली कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यासाठी सहभागी अंदाजपत्रकात (नागरिकांनी सुचवलेल्या कामांना महापालिका पैसे देते ती योजना) अर्ज देणार आहोत. पदपथ सध्या गुडघ्याएवढा उंच, मध्येच विजेची डीपी (वितरण पेटी), प्रत्येक गेटपाशी चढउतार. त्यामुळे आजीआजोबा नातवंडांची दप्तरं घेऊन सरळ रस्त्यावरून चालतात आणि सायकलवाली मुलं त्यांच्याही बाहेरून, बसला खेटून जातात. बघून जीव वरखाली होतो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांबद्दलच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेनुसार चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी जागा हवी, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे अर्जात घालतोच आहोत. जंगली महाराज रस्त्यासारखा ऐसपैस पदपथ इथे होणार नाही, रस्ता जेमतेम नऊ मीटर.

अडलंय ते सायकलींपाशी. वेगळा मार्ग मागितला तर पदपथच आक्रसेल. मला वाटतं, त्याऐवजी शाळेच्या फाटकासमोर पदपथाच्या उंचीचं क्रॉसिंग मागावं, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप पडेल. असं कुणी करून घेतलंय का? आणि एका बाजूचं पार्किंग काढायला दुकानदारांना कसं राजी केलंत? अर्जाचा नमुना किंवा नकाशा असेल तर कृपया पाठवा.