एचटीबी लावूनही क्लास सीलपर्यंत जात नाही, आणि भरलेल्या लिंकवर पिंग अर्ध्या सेकंदाच्या पुढे

तारजोड (प्रश्न)

लिनक्स राउटर, दोन गिगाबिट पोर्ट. वॅनला (सेवादात्याच्या बाजूला) पीपीपीओई जोडणी, १०० एमबिट डाउनलोड आणि २० एमबिट अपलोड. आत तीन सबनेट: कार्यालय, प्रयोगशाळा, पाहुणे. हवं ते असं: गर्दी असताना तिघांना ५:३:२ या प्रमाणात हमी, आणि एखादा गट शांत असेल तर त्याचा वाटा बाकीच्यांना वापरता यावा.

डाउनलोड लॅन पोर्टवर (आतल्या बाजूला) शेप केलंय, म्हणजे त्याचा वेग तिथे आवरलाय. रूटला एचटीबी (बँडविड्थ क्लासमध्ये, म्हणजे गटांत, वाटणारी लिनक्सची रांग-पद्धत), डीफॉल्ट ३० (कशातच न बसणारं ट्रॅफिक १:३० मध्ये), आणि थेट त्याखाली तीन क्लास. रेट म्हणजे हमीचा वेग, सील म्हणजे कमाल वेग:

१:१० कार्यालय, रेट ५० एमबिट, सील १०० एमबिट
१:२० प्रयोगशाळा, रेट ३० एमबिट, सील १०० एमबिट
१:३० पाहुणे, रेट २० एमबिट, सील १०० एमबिट

अपलोडला पीपीपी इंटरफेसवर हीच रचना, १०, ६ आणि ४ एमबिट. ट्रॅफिक क्लासमध्ये टाकणारे फिल्टर टीसीच्या (लिनक्सच्या ट्रॅफिक-नियंत्रण साधनाच्या) यू३२ प्रकारचे. डाउनलोडला डेस्टिनेशन सबनेटवर, अपलोडला सोर्स सबनेटवर.

चार गोष्टी बिघडल्यात.
१. बाकी सगळं शांत असतानाही पाहुण्यांना २० च्या वर एक एमबिट मिळत नाही. सील १०० आहे तरी.
२. पाहुण्यांचा क्लास भरला की त्याच क्लासमधला पिंग ६०० मिलिसेकंदांच्या घरात जातो.
३. अपलोडचं सगळं ट्रॅफिक १:३० मध्येच दिसतं. १:१० आणि १:२० चे काउंटर शून्य.
४. कर्नल लॉगमध्ये ‘क्वांटम ऑफ क्लास इज बिग, कन्सिडर आर२क्यू चेंज’ असं येतं.

---

पॅकेटमोजणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या झाडातच आहे: त्याला खोड नाही. एचटीबीमध्ये क्लास उसनं घेतो ते फक्त पालक क्लासकडून. रूट क्यूडिस्क (इंटरफेसवरची मुख्य रांग) हा पालक क्लास नव्हे, त्याच्याकडे वाटायला टोकन (पाठवण्याचे परवाने) नसतात. त्यामुळे थेट रूटखाली बसलेला क्लास रेट संपला की थांबतो. सील तिथे नावापुरतं राहतं.

मध्ये १:१ असा एक क्लास घाला, रेट आणि सील दोन्ही सारखे, आणि तिन्ही गट त्याखाली न्या. हा आकडा १०० ठेवू नका. लिंक जेवढी देते त्याच्या थोडं खाली ठेवलं तरच रांग तुमच्या राउटरवर तयार होते. नाहीतर ती सेवादात्याच्या उपकरणात तयार होते आणि तिथे तुमचे क्लास कोणाला माहीत नसतात. ९२ ने सुरुवात करा. लिंक भरलेली असताना पिंग स्थिर राहिला तर एकेक एमबिट वाढवत न्या.

दुसरा नियम: मुलांच्या रेटची बेरीज पालकाच्या रेटपेक्षा जास्त नको. एचटीबी ही बेरीज तपासत नाही, चूक असली तरी निमूट चालू राहतो. आपल्या रेटच्या आत असलेला लीफ (खाली मुलं नसलेला) क्लास पालकाला विचारतच नाही, सरळ पाठवतो. म्हणून बेरीज १२० झाली तर पालकाचे ९२ मोडतात आणि हमीला अर्थ उरत नाही.

डाउनलोडसाठी झाड असं होईल:

१:१ खोड, रेट ९२, सील ९२
— १:१० कार्यालय, रेट ४६, सील ९२
—— १:११ कॉल आणि इतर संवादी ट्रॅफिक, रेट ६, सील १०, प्रायो ०
—— १:१२ कार्यालयाचं बाकीचं, रेट ४०, सील ९२, प्रायो १
— १:२० प्रयोगशाळा, रेट २८, सील ९२, प्रायो १
— १:३० पाहुणे, रेट १८, सील ७०, प्रायो १
१:२ राउटरचं स्वतःचं ट्रॅफिक, रेट ८०० एमबिट, खोडाच्या बाहेर

कार्यालयाला दोन मुलं दिली कारण उतरंडीचा खरा उपयोग तिथे आहे. १:११ ने ६ पैकी २ वापरले तर उरलेल्या ४ वर आधी घरातल्याच १:१२ चा हक्क. कार्यालयाचे ४६ संपले की मगच मागणी खोडाकडे जाते.

१:११ चं सील मुद्दाम १० ठेवलंय. प्रायो ० असलेला क्लास शिल्लक वाटपात सगळ्यांच्या आधी घेतो. त्याला सील ९२ दिलं आणि कुणी मोठं डाउनलोड चुकीच्या खुणेने त्यात ढकललं तर बाकीच्यांची हमी टिकते, पण शिल्लक एक बिटही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

१:२ कशासाठी? लॅन पोर्टवर शेपिंग केलं की राउटरने स्वतः आत पाठवलेलंही, म्हणजे डीएनएसची उत्तरं, राउटरवरच्या फाइल, त्याच हिशोबात धरलं जातं. त्याचा वॅनशी संबंध नाही. थेट रूटखालचा क्लास उसनं घेत नाही आणि देतही नाही, हा गुण इथे उपयोगी पडतो. एआरपीही (आतल्या उपकरणांचे हार्डवेअर पत्ते विचारणारी पॅकेट) प्रोटोकॉलचा वेगळा फिल्टर लावून इकडेच वळवा, नाहीतर ती डीफॉल्टमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या रांगेत उभी राहते.

---

शेवटचा_हॉप

२ आणि ३ बद्दल.

पिंग: लीफ क्लासला वेगळं क्यूडिस्क दिलं नाही तर एचटीबी तिथे साधी पीफिफो (आधी येईल ते आधी जाईल अशी रांग) बसवतो आणि तिची लांबी इंटरफेसच्या टीएक्स-क्यू-लेंथवरून घेतो. इथरनेटला ती १००० पॅकेट. १००० पॅकेट गुणिले १५०० बाइट म्हणजे १२ मेगाबिट. २० एमबिटच्या क्लासमध्ये ती रांग रिकामी व्हायला ०.६ सेकंद. तुमचे ६०० मिलिसेकंद तंतोतंत हेच.

गंमत म्हणजे अपलोडला नेमकी उलटी अडचण असणार. पीपीपी इंटरफेसची डीफॉल्ट लांबी ३ पॅकेट आहे. तीन पॅकेटच्या रांगेत टीसीपीला वेग धरता येत नाही, ड्रॉपच ड्रॉप दिसतील. दोन्हीकडे उपाय एकच: प्रत्येक लीफखाली एफक्यू-कोडेल लावा, म्हणजे कनेक्शनवार रांगा करून त्यांतला विलंब आटोक्यात ठेवणारं क्यूडिस्क. टार्गेट ५ मिलिसेकंद आणि इंटरव्हल १०० मिलिसेकंद हे डीफॉल्ट तुमच्या आकड्यांना पुरेत. १ एमबिटच्या क्लासमध्ये मात्र एक पूर्ण पॅकेट जायलाच १२ मिलिसेकंद लागतात, तिथे टार्गेट वाढवावं लागतं, नाहीतर कोडेल विनाकारण पॅकेट टाकत बसतो.

अपलोडचे काउंटर शून्य असण्याचं कारण नॅट, म्हणजे खाजगी पत्त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता घालणं. पॅकेट पीपीपीच्या क्यूडिस्कपर्यंत येतं तेव्हा पोस्टराउटिंगमधलं सोर्स नॅट होऊन गेलेलं असतं. सगळ्यांचा सोर्स एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे सबनेटचा फिल्टर कधीच जुळत नाही आणि सगळं डीफॉल्टमध्ये पडतं. डाउनलोडला हे जाणवलं नाही कारण लॅन पोर्टवरून बाहेर पडताना डेस्टिनेशन खाजगी पत्ता झालेला असतो. उद्या कुणी सल्ला दिला की डाउनलोड वॅनवरच आयएफबी (येणारं ट्रॅफिक वळवण्यासाठीचा आभासी इंटरफेस) लावून शेप करा, तर तिथे हाच प्रश्न उलट बाजूने येईल: आयएफबीकडे वळवलेलं पॅकेट नॅट उलटण्याआधीचं असतं, मग कनेक्शनवरची खूण परत आणणारी ॲक्शन जोडावी लागते. तुमच्याकडे लॅन पोर्ट एकच आहे, त्यामुळे आयएफबीच्या भानगडीत पडू नका.

वर्गीकरण एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) करा. फॉरवर्ड चेनमध्ये सोर्स सबनेट पाहून ‘मेटा प्रायॉरिटी’ला थेट क्लासचा क्रमांक द्या, १:१२ किंवा १:२०. एचटीबी तो क्रमांक ओळखतो आणि टीसीचे फिल्टर जवळपास लागतच नाहीत. दोन्ही इंटरफेसवर एकच क्रमांक वापरले तर नियम आणखी कमी होतात. एकच अट: टेबल ‘आयनेट’ प्रकारचं (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठीचं) ठेवा. यू३२ चे ‘प्रोटोकॉल आयपी’ असलेले फिल्टर आयपीव्ही६ला लागू होत नाहीत आणि ते सगळं ट्रॅफिक पाहुण्यांत जमा होतं. कार्यालयाचे अर्धे व्हिडिओ कॉल पाहुण्यांच्या रांगेत का, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

फ्लो ऑफलोड (चालू कनेक्शनची पॅकेट जवळच्या वाटेने पुढे नेणं) चालू असेल तर बंद करा. सॉफ्टवेअर ऑफलोडमध्ये प्रस्थापित कनेक्शनची पॅकेट फॉरवर्ड चेन टाळतात, म्हणून खूण लागत नाही. हार्डवेअर ऑफलोडमध्ये तर क्यूडिस्कच टळतो.

---

पॅकेटमोजणी

चौथ्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण शिल्लक बँडविड्थ कशी वाटली जाईल ते तिथेच ठरतं.

क्वांटम म्हणजे शिल्लक वाटताना एका फेरीत एका लीफने किती बाइट पाठवायचे. तुम्ही दिला नाही तर एचटीबी रेटला, बाइट प्रति सेकंदात, आर२क्यूने भागतो. आर२क्यू डीफॉल्ट १०. तुमच्या ५०, ३० आणि २० एमबिटला ६,२५,०००, ३,७५,००० आणि २,५०,००० येतात. कमाल मर्यादा २,००,०००, म्हणून तिन्ही तिथे छाटले गेले. परिणाम असा की पालक क्लास घातल्यावरही शिल्लक ५:३:२ ऐवजी समान वाटली जाईल. खालची मर्यादा १००० आहे. ६४ केबिटच्या क्लासला ८०० येतात आणि तिथे ‘स्मॉल’ची सूचना मिळते.

डाउनलोडच्या क्यूडिस्कला आर२क्यू २०० द्या. मग १:१२ ला २५,०००, १:२० ला १७,५००, १:३० ला ११,२५०, आणि सगळ्यात छोट्या १:११ ला ३,७५०. सगळे पूर्ण पॅकेटपेक्षा मोठे, हे महत्त्वाचं. क्वांटम पॅकेटपेक्षा लहान झाला तर दर फेरीला एकेक पॅकेट जातं आणि प्रमाण मोडतं. १:२ ला मात्र या हिशोबाने ५,००,००० येतात, त्याची सूचना लॉगमध्ये दिसेल. तो एकटाच असल्याने फरक पडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर त्याला क्वांटम हाताने द्या.

आता यात जीआरओ लक्षात घ्या. तो अनेक पॅकेट चिकटवून ६४ किलोबाइटपर्यंतचा एक गठ्ठा करतो. एचटीबीला तो एकच पॅकेट दिसतो, तुमच्या प्रत्येक क्वांटमपेक्षा मोठा. १० एमबिटवर असा एक गठ्ठा ५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लिंक अडवतो, मागे कॉलचं पॅकेट असलं तरी. इथटूलने दोन्ही पोर्टवर जीआरओ बंद करा. १०० एमबिटला प्रोसेसरवर त्याचा भार नगण्य.

अपलोडला खोड १८, मुलं ९, ५.५ आणि ३.५. तिथे आर२क्यू १० चालेल. खोड तयार करताना एक ‘बिग’ सूचना येईल, कारण त्या क्षणी ते अजून लीफ असतं. सोडून द्या. पीपीपीवर टीसी फक्त आयपी पॅकेटची लांबी मोजतो. ४० बाइटचं रिकामं ॲक (टीसीपीची पोचपावती) तारेवर प्रत्यक्षात ८६ बाइट जागा घेतं: पीपीपीओईचे ८, इथरनेट हेडरचे १४, शेवटचे ४, आणि प्रीॲम्बल व मधलं अंतर मिळून २०. मोठं डाउनलोड चालू असताना अपलोडमध्ये ॲकच जास्त असतात, म्हणून क्लासवर ‘ओव्हरहेड’ किमान २६ द्या.

आणि एककं. टीसीमध्ये ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, पण ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबाइट प्रति सेकंद. ९२ एमबीपीएस लिहिलंत तर ७३६ एमबिटचं खोड तयार होईल आणि शेपिंग झाल्याचं कुठेच दिसणार नाही.

---

तारजोड

झाड वरच्याप्रमाणे केलं, लीफला एफक्यू-कोडेल, वर्गीकरण एनएफटेबल्समध्ये. दोन शंका. वाटप बरोबर होतंय हे कसं तपासायचं? आणि पाहुण्यांमधलं एकच उपकरण टोरंटने त्यांचे १८ खाऊन टाकतं, एफक्यू-कोडेल असूनही.

---

शेवटचा_हॉप

तपासणी: तिन्ही सबनेटमधून एकाच वेळी, लिंकच्या पलीकडच्या सर्व्हरवरून, आयपर्फ३ (वेग मोजणारं साधन) उलट दिशेने चालवा. एचटीबी हेडरसकट मोजतो आणि आयपर्फ फक्त आतला डेटा दाखवतो, त्यामुळे ४६, २८, १८ ऐवजी साधारण ४४, २६.८, १७.२ दिसायला हवं. मग पाहुण्यांचं बंद करा. सुटलेले १८ एमबिट १:१२ आणि १:२० च्या क्वांटमच्या प्रमाणात, २५,००० ला १७,५००, वाटले जातील: कार्यालय सुमारे ५६.६, प्रयोगशाळा ३५.४, तेही हेडरसकट. इथे एक बारकावा आहे. शिल्लक लीफच्या क्वांटमने वाटली जाते, मधल्या क्लासच्या रेटने नाही. त्यामुळे एका गटाखाली लीफ वाढवत गेलात तर त्या गटाचा शिल्लकेतला वाटाही नकळत वाढतो.

टीसीच्या क्लास आकडेवारीत ‘लेंडेड’ आणि ‘बॉरोड’ (उसनं घेतलेलं) पाहा. पाहुणे एकटे चालू असताना त्यांचा ‘बॉरोड’ वाढत नसेल तर पालक चुकलाय. क्यूडिस्कच्या आकडेवारीत ‘डायरेक्ट पॅकेट्स’ वाढत असतील तर डीफॉल्टचा क्लास अस्तित्वात नाही आणि ते ट्रॅफिक शेपिंगशिवाय निघून जातंय.

टोरंट: एफक्यू-कोडेल कनेक्शनमागे न्याय करतो, माणसामागे नाही. चाळीस कनेक्शनवाल्याला चाळीस वाटे मिळतात. १:३० खाली एफक्यू-कोडेलऐवजी केक (उपकरणांमागेही समान वाटणी करू शकणारं क्यूडिस्क) लावा, बँडविड्थ ‘अनलिमिटेड’, म्हणजे वेग एचटीबी ठरवेल आणि केक फक्त आतली वाटणी करेल. डाउनलोडला ‘ड्युअल-डीएसटीहोस्ट’ (घेणाऱ्या उपकरणामागे वाटणी). अपलोडला ‘ड्युअल-एसआरसीहोस्ट’ (पाठवणाऱ्या उपकरणामागे) आणि सोबत ‘नॅट’, नाहीतर सगळे एकाच पत्त्याचे समजले जातील. केक कर्नल ४.१९ पासून मुळात आहे.

---

पॅकेटमोजणी

आयपीव्ही६ वर एकच उपकरण अनेक तात्पुरते पत्ते घेतं आणि केक प्रत्येक पत्ता वेगळा होस्ट धरतो, तेवढी गळती राहणारच. पाहुण्यांना हमी नको आणि फक्त माणसामागे समान वाटणी हवी असती तर मी एचटीबी लावलाच नसता, नुसता केक पुरला असता. गटांना ठरलेला किमान वाटा हवा असेल तेव्हाच या झाडाचा खटाटोप.