थ्रॉटल कंट्रोलर: डिझेल गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

डिझेलवेडा: टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर. महिन्यापूर्वी थ्रॉटल कंट्रोलर बसवला. एक्सिलरेटर पॅडलचा कनेक्टर काढून मधे डबी जोडायची, 10 मिनिटांचं काम. आधी पाय दिला की गाडी जरा विचार करायची. आता लगेच झेपावते. मित्र म्हणतो पैसे पाण्यात. मी म्हणतो पिकअप वाढलाय. बोला.

नटबोल्ट: झेप खरी, पिकअप तोच. तुम्ही पॅडल 30 टक्के दाबलं की डबी ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगते 50 टक्के. पूर्ण दाबलं तर 100 चे 100च. एकाही हॉर्सपॉवरची भर नाही. त्यात डिझेलमध्ये पॅडल म्हणजे फक्त मागणी. डिझेल किती फवारायचं ते ईसीएम ठरवतो, आणि आत हवा पुरेशी नसेल तर काळा धूर नको म्हणून हात आखडता घेतो. टर्बोचा दाब तयार व्हायला लागायचा तो वेळ लागतोच. तिथे डबीने कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही.

डिझेलवेडा: मान्य, पण रोज पूर्ण पॅडल दाबतं कोण? माझा पाय पहिल्या एक तृतीयांशातच असतो. तिथे कंपनीने पॅडल मुद्दाम सुस्त ठेवलंय, ते मला नकोय.

सावकाश_चालक: मुद्दाम ठेवलंय ते बरंच आहे हो! मी पण बसवला होता, सगळ्यात तिखट सेटिंगवर. रिव्हर्स घेताना असा गचका बसला की बायकोने विचारलं, "आज शिकायला सुरुवात केली का?" अर्ध्या पॅडललाच सगळी मागणी संपते, पुढचं अर्धं नुसतं शोभेचं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये पाय तोलता तोलता पिंडरी दुखली. आठवड्यात काढला.

फुकट_सल्ला: ट्यूनिंग बॉक्स घ्या, ताकद खरंच वाढते.

नटबोल्ट: @फुकट_सल्ला, तो वेगळा प्राणी. त्यातले बरेच रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, सिग्नल फसवून डिझेल जास्त सोडायला लावतात. भार टर्बो, क्लच सगळ्यांवर. इथे तो विषय नको.
@डिझेलवेडा, एक मात्र बघा. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीएम दोघांची साक्ष ताडून बघतो. डबी भिकार असेल किंवा कनेक्टर नीट बसला नसेल, साक्ष जुळली नाही, तर गाडी थेट लिम्प मोडमध्ये, म्हणजे ईसीएम ताकद कापतो आणि गाडी जेमतेम चालते. ओव्हरटेक करताना असं झालं तर?

चिखलवाट: सगळे तिखट सेटिंगवरच का भांडताय? बऱ्याच डब्यांत इको सेटिंग असतं, पॅडल उलट मऊ करणारं. खडबडीत रस्त्यावर पाय उडतो, तेव्हा गाडी हिसके देत नाही. मी त्याच्यासाठीच ठेवलाय.

नटबोल्ट: हा उपयोग पटला. पण पिकअपवाल्यांनी एकदा मोजावं: मोकळा सरळ रस्ता, पूर्ण पॅडल, ताशी 40 ते 80 किमी जायला लागणारा वेळ, डबी चालू आणि बंद.

डिझेलवेडा: मोजलं, तीन-तीनदा. फरक स्टॉपवॉचवर बोट दाबण्यातला. पिकअप हा शब्द मागे घेतो. डबी काढत नाहीये, सेटिंग दोन घरं खाली आणलंय.

सावकाश_चालक: अजून दोन घरं आणा, मूळ पॅडल येईल. फुकटात.