'स्नायू' म्हणजे मसल की नस? (आत्याच्या पायावरून पेटलेला वाद)

रामबागचा_नातू :
मंडळी एक शंका आहे, घरात दोन दिवस यावरूनच वाजून राहिलंय. आमच्या आत्याचा उजवा पाय दुखतो, कमरेतून कळ निघते ती मांडीच्या मागनं थेट टाचेपर्यंत जाते आणि वर पंजाला मुंग्या. इथेच इंदूरला एका वैद्यांना दाखवलं, त्यांनी चिठ्ठीवर हिंदीत लिहून दिलं 'स्नायु दुर्बलता'. आत्याने घरी येऊन चष्मा लावून वाचलं आणि स्वतःच ठरवून टाकलं की मसल कमजोर झालेत, वयच झालं आता, दुसरं काय. मग सकाळी पोह्यांच्या जागी भिजवलेले चणे, रात्री पनीर, आणि घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली, वर-खाली. आठ दिवसांत अंथरुणातून उठायची पंचाईत. परत गेलो तर वैद्यांनी कपाळाला हात लावला, "माताजी, मैंने तो नस का लिखा था!"

आता आत्या म्हणते मराठीत स्नायू म्हंजे मसलच, मी काही अडाणी नाही. मी शिकलो हिंदी मीडियममधून, मला मसलला मांसपेशी आणि नर्व्हला तंत्रिका शिकवलं, मराठी फक्त घरातली. आणि घरातल्या मराठीत सगळ्यालाच शीर म्हणतात. शीर आखडली, शीर दबली, सलाईन लावायला शीर सापडेना. तर कुठला शब्द नक्की कशाला? आणि ते 'पेशी'चं पण सांगा कोणीतरी, आमचे आजोबा वकील होते, त्यांच्याकडे पेशी म्हंजे कोर्टाची तारीख.

छप्पन_दुकान :
आत्याबाई बरोबर आणि वैद्यही बरोबर 😀 मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत जुन्या वळणाची माणसं नर्व्हला स्नायु म्हणतात, स्नायु तंत्र, स्नायविक वगैरे, तंत्रिका हा पुस्तकातला शब्द. पेशीचंही तसंच उलटंपालटं आहे, मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदीत पेशी म्हणजे मसल आणि सेलला कोशिका. कोर्टाची पेशी वेगळी, ती फारसीतून 'पेश करणे'वाली, तिचा या दोघींशी काही संबंध नाही.

सुदामानगरची_फिजिओ :
हा घोळ मी रोज बघते हो. पेशंट येतो, "मॅडम नस पे नस चढ गई", मराठी असला तर "शिरेवर शीर चढली". आता खरं सांगायचं तर नस नसेवर कधी चढत नसते. रात्री पोटरीत जो दगडासारखा गोळा येतो ना, तो मसलचा असतो. मसल आकसून बसतो आणि सुटत नाही, त्याला हुकूम देणाऱ्या नर्व्हकडून बऱ्याचदा भसाभस सिग्नल येत असतात म्हणून. पायाचा पंजा स्वतःकडे ओढून धरा, मसल ताणला जातो आणि गोळा सुटतो.

मी पेशंटला सांगते की स्नायू म्हणजे दोर आणि नर्व्ह म्हणजे वायर. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने असतात, पुढचा दंड ओढतो तर कोपर वाकतं, मागचा ओढतो तर सरळ होतं, ज्याला आपण ढकलणं म्हणतो तेही कुठल्यातरी स्नायूचं ओढणंच असतं. आणि हा दोर आपणहून काही करत नाही (हृदय सोडून, ते स्वतःचा ठोका स्वतः धरतं, नर्व्ह फक्त कमी-जास्त करायला सांगतात). मेंदूकडून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातून खाली येतो, कण्यातली एक चेतापेशी (म्हणजे नर्व्हची पेशी, सेल) तो घेते आणि तिचाच लांब धागा थेट स्नायूपर्यंत जातो. तुमच्या आत्याच्या पंजाला जाणारा धागा कमरेतल्या पेशीचा आहे, म्हणजे एकच पेशी, जवळजवळ मीटरभर लांब! आणि गंमत म्हणजे तो धागा स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये बारीकशी फट असते. तिथे ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते पलीकडे पोचलं की स्नायूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत बरं का, नुसते सरकतात, हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी दाखवलं आणि दोन्हींत एकेक हक्सली होता, नातेवाईक नव्हेत. बोटॉक्सचं इंजेक्शन घेतात ना सुरकुत्यांसाठी, ते याच फटीतलं रसायन सुटू देत नाही, हुकूम पोचतच नाही म्हणून कपाळ गुळगुळीत.

आता शब्दांकडे. आपल्या आज्यांचे शब्द या बाबतीत पुस्तकापेक्षा बारीक आहेत असं माझं पक्कं मत झालंय. गोळा येणं, पेटका येणं, हाताला रग लागणं, उसण भरणं, लचक भरणं, मान अवघडणं, हे बहुतेक वेळा स्नायूचं. मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, विजेसारखी सरसरत जाणारी कळ, हे नर्व्हचं. पेशंटने नुसतं "शीर दुखते" म्हटलं की मला दहा प्रश्न विचारावे लागतात, "मुंग्या येतात" म्हटलं की निम्मं काम झालं. तुम्ही पहिल्या दोन ओळींत जे लिहिलंत त्यातच निदानाची दिशा होती, तो चिठ्ठीवरचा शब्द वाचायची गरजच नव्हती.

मांडवीचा_मराठा :
बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे हा तंटा नाही कारण गुजरातीतही स्नायु म्हणजे मसलच, आणि नर्व्हला चेता म्हणतात, चेतातंत्र. मराठी शाळेच्या पुस्तकातही आता चेतासंस्था, चेतापेशी असंच असतं, म्हणजे आम्ही आणि महाराष्ट्र एका बाजूला, तुम्ही इंदूर-ग्वाल्हेरवाले हिंदीच्या तावडीत 😄 बंगालीत पण स्नायु म्हणजे नर्व्ह. तिकडे शीतयुद्धाला स्नायुयुद्ध म्हणतात, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुस्तीबद्दल बोलताहेत. आणि तेलुगूत मसलला कंडरम, म्हणजे आपण मसलला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतो, त्यांनी तोच शब्द पूर्ण मसलला दिला.

जुनी_पोथी :
मांडवीकरांनी कंडरा काढलीच आहे तर मूळ सांगून टाकतो, भांडण आणखी वाढेल पण इलाज नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (शरीररचनेच्या भागात) पेशी ५०० आणि स्नायू ९०० दिलेत. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. तिथे पेशी म्हणजे मांसाची, आपला मसल, हिंदीने तो अर्थ धरून ठेवला. आणि स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. सुश्रुत म्हणतो, फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यात माणसांचा भार सोसते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार सोसतो. सांध्याचं हे काम आज आपण लिगामेंटचं म्हणतो.

तर सुश्रुताच्या हिशेबाने आत्याबाईही चूक आणि वैद्यबुवाही चूक, आणि वैद्यबुवांनी तर जास्त विचार करायला हवा होता, त्यांचाच ग्रंथ आहे! पण आपल्याला हसायचं कारण नाही, ग्रीकांचंही हेच झालं. न्यूरॉन हा त्यांचा शब्द मुळात कंडरेचा, दोरीचा. उघडं शरीर बघितलं तर पांढरी दोरी आणि पांढरी नर्व्ह सारखीच दिसते, मांडीमागून जाणारी सायटिक नर्व्ह तर वर नितंबापाशी बोटाएवढी जाड असते, बघणाऱ्याने दोरी म्हटलं तर त्याचा काय दोष.

छप्पन_दुकान :
मग मज्जातंतू कुठून आला? मज्जा तर हाडातली. (की नर्व्हला मज्जा येते म्हणून? 😜)

जुनी_पोथी :
विनोद जुना आहे पण चालेल. माझा अंदाज असा की लॅटिनमध्ये मेड्युला म्हणजे हाडातली मज्जाच, आणि पाठीच्या कण्यातल्या दोरालाही तेच नाव होतं, कण्याच्या पोकळीत भरलेलं म्हणून. त्यावरून आपल्याकडे मज्जारज्जू, आणि त्यातून निघणारे ते मज्जातंतू. तंतूंचा हाडातल्या मज्जेशी तसा काही संबंध नाही. मराठी विश्वकोशात तंत्रिका आणि कोशिका हे हिंदीशी जुळणारे शब्दच वापरलेत, कंसात मज्जा, पेशी देत. ते लोकांच्या तोंडी बसले नाहीत. मला स्वतःला चेता आवडतो, छोटा आहे आणि कुणाशी भांडत नाही.

रामबागचा_नातू :
बापरे. म्हंजे आता मी आत्याला सांगू काय, की तू चूक, वैद्य चूक, मी पण चूक?

सुदामानगरची_फिजिओ :
आत्यांना सांगा बोलताना मसल आणि नस म्हणा, इंदूरात सगळ्यांना कळतं, मराठीलाही आणि हिंदीलाही. लिहिताना मराठीत स्नायू आणि चेता, हिंदी चिठ्ठीवर स्नायु दिसला तर विचारून घ्या. शीर हा शब्द रक्ताच्या नळीला ठेवा, सलाईनवालीला.

पण एक काम करा, त्यांना भिंतीला धरून चार पावलं टाचांवर चालायला सांगा, पंजे वर उचलून. जमतंय का ते बघा.

बेटकुळीवाला :
चर्चा गंभीर झाली म्हणून जरा हलकं. लहानपणी दंड दुमडून "बेटकुळी बघ" म्हणायचो ना, ती कातडीखाली उड्या मारणारी बेडकी. लॅटिनमध्ये मसलचा मूळ शब्द म्हणजे छोटा उंदीर! त्यांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडूक. आणि नर्व्ह-मसलचं विजेशी नातं गॅल्व्हानीने इटलीत कशावर शोधलं, तर बेडकाच्या तंगड्यांवर, १७९१ साली छापलं त्याने. बेटकुळी शब्द हिंदीत कसा सांगायचा ते मला आजवर जमलेलं नाही, डोले म्हटलं तर जिम आठवते, बेडूक कुठेच दिसत नाही.

रामबागचा_नातू :
फिजिओताई, बघितलं. डावा पंजा उचलला जातो, उजवा अर्धवटच, चालताना चवडा फटकन खाली पडतो. म्हंजे?

सुदामानगरची_फिजिओ :
म्हणजे नस नुसती दुखत नाहीये, दबल्यामुळे हुकूम नीट पोचत नाहीये आणि पंजा उचलणारा मसल कमजोर पडून राहिलाय. वाळूची पिशवी आजपासून बंद. उद्याच हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे न्या, ते कमरेचा एमआरआय सांगतील बहुतेक. लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं तर उद्याची वाट बघू नका, रात्री असली तरी निघा.

रामबागचा_नातू :
आत्ताच फोन लावून उद्या सकाळची वेळ घेतली. आत्याला सगळं वाचून दाखवलं. तिचं एकच म्हणणं, "म्हणजे मसलही कमजोरच निघाला ना, मग मी काय वेगळं वाचलं होतं?" चणे अजून भिजत घातलेत.