स्लाइड २+, ट्रूनॅट मात्र 'नॉट डिटेक्टेड'. पुढे काय?

कृष्णाकाठ (तासगाव): पेशंट ५८ वर्षांचे, टीबीचा कोर्स पूर्वी पूर्ण झालेला. आता बेडक्याची झेडएन स्लाइड (जंतू लाल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) २+, ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी) दोनदा 'एमटीबी नॉट डिटेक्टेड', म्हणजे टीबीचा जंतू सापडला नाही. घरचे म्हणतात गोळ्या चालू करा. कराव्यात का?

मिरज_मायक्रो: पेशंट गंभीर असेल तर ते छातीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. नसेल तर घाई नको. स्लाइडवर जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार लागतात, पीसीआरला त्याहून कितीतरी कमी पुरतात. २+ म्हणजे दर फील्डला (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या भागात) १ ते १० जंतू. तेव्हा 'जंतू कमी पडले' ही सबब इथे चालत नाही.

आधी स्टेनिंग तपासा. नळाच्या पाण्यातले मायकोबॅक्टेरियाही (टीबीच्या जंतूचे भाऊबंद) स्लाइडवर लालच दिसतात. ताज्या डिस्टिल्ड पाण्यात परत स्टेन करा, शेजारी खात्रीची निगेटिव्ह स्लाइड लावा. तीही लाल निघाली तर दोष पाण्याचा किंवा फुक्सिनचा (लाल रंगाचा). सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या बाटलीचं टोक स्लाइडला टेकवू नका, एकीचे जंतू दुसरीवर जातात. आणि रिपोर्ट 'इनव्हॅलिड' नाही ना? रक्ताळलेल्या बेडक्यात पीसीआर अडतो.

ऊसपट्टा: निगेटिव्ह स्लाइड स्वच्छ असेल तर एनटीएमचा (टीबी सोडून इतर मायकोबॅक्टेरियाचा) संशय धरा. दोन वेगळ्या दिवशीचे सकाळचे बेडके, ३ ते ५ मिली, फाल्कन ट्यूबमध्ये (झाकणाच्या प्लास्टिक नळीत) कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात बर्फाच्या पॅकशिवाय पाठवलेत तर तोंडातले जंतू माजतात. मग लॅबवाले ते मारायचा सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) वाढवतात आणि त्यात हवे तेच मरतात. एनएएलसी (बेडका पातळ करणारं रसायन) मिसळल्यावर सोडा १ टक्का, १५ ते २० मिनिटं, बस्स. वाढ आली, ती अ‍ॅसिड-फास्ट (आम्लाने धुतलं तरी रंग न सोडणारी) आहे आणि एमपीटी-६४ कार्ड (टीबीच्या जंतूचं प्रथिन ओळखणारं) निगेटिव्ह, तर पुढे लाइन प्रोबवर (डीएनएच्या पट्टी-चाचणीवर) प्रजात काढा. बेडक्याचं एकच कल्चर पॉझिटिव्ह आलं तर निदान होत नाही, दोन हवीत, शिवाय लक्षणं आणि सीटी जुळायला हवा. एमजीआयटी (द्रवातलं कल्चर) निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात, हे घरच्यांना आजच सांगा.

कृष्णाकाठ: निगेटिव्ह स्लाइड स्वच्छ. 'इनव्हॅलिड' नाही. अधूनमधून बेडक्यात रक्त, एक्स-रेत वर जुनी पोकळी.

मिरज_मायक्रो: मग रक्ताची अ‍ॅस्परजिलस आयजीजीही (त्या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) पाठवा. टीबीच्या जुन्या पोकळीत बुरशी बसते, एनटीएमसोबतही सापडते. अंदाजाने रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध) दिलंत तर नंतर इट्राकोनॅझोलची (बुरशीच्या औषधाची) रक्तातली पातळी पार कोसळते, ही वेगळी पंचाईत.