घरी 'फार्म थीम' करायला सांगितलीय, पण लाल बार्न आणि टर्की घेऊन काय करू? सल्ला द्या

पिंट्याची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. शब्द मोजून पंचवीसेक, त्यातले निम्मे फक्त आम्हाला कळतात. कान तपासून झालेत, नॉर्मल आहेत. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी चालू आहे, मॅडम म्हणाल्या या महिन्यात घरी रोज पंधरा-वीस मिनिटं फार्म थीम घ्या, म्हणजे शेतावरचे प्राणी धरून खेळायचं-बोलायचं. मी आपली उत्साहात रात्री बसून नेटवरून साठ पानी प्रिंटआउट काढलं, लॅमिनेशनपण केलं (हसू नका), आणि सकाळी बघते तर त्यात लाल बार्न (म्हणजे परदेशातले गोठे), टर्की, गवताचे गोल गठ्ठे आणि डुंगरी घातलेला शेतकरी. आमच्याकडे गाय दिसते ती चौकात प्लास्टिक खाताना. पिंट्याने दोन कार्डं चावली आणि पळाला.
घरात अजून एक वाद, सासूबाई म्हणतात 'हम्मा', मोबाईलमधली गाय म्हणते 'मू', आणि नवऱ्याचं म्हणणं पुढे इंग्लिश मीडियमच आहे तर आत्तापासून काऊच म्हणू. मी काय करू? खेळणी कोणती घ्यावीत? ज्यांनी घरी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

ओठ_मिटा_बरं
मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबरच काम करते. तुमच्या पिल्लाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या मॅडम काही वेगळं म्हणाल्या तर त्यांचं ऐका.

हम्मा. वादच नाही. 'म'ला ओठ मिटतात, ते पोराला तुमच्या तोंडावर दिसतं. प, ब, म हे आवाज लवकर येतात. ळ, र, श हे बऱ्याच मुलांना उशिरा जमतात. म्हणजे बघा, आपली शेळी आणि म्हैस दोघी उच्चाराला अवघडच, एकीत श आणि ळ, दुसरीत म्ह. त्यामुळे तो 'शेई' म्हणाला तर नीट म्हण म्हणून मागे लागू नका, तुम्ही फक्त 'हो, शेळी!' म्हणा आणि पुढे चला. नुसतं बॅ बॅ म्हणाला तरी चालेल. शेळी बघून दर वेळी बॅ बॅ म्हणत असेल तर आम्ही तो शब्दच धरतो. हम्मा, भूभू, माऊ, काऊ, चिऊ ही आपल्या आज्यांनी केलेली फार्म थीमच आहे हो, सोपे सोपे आवाज आणि तेच तेच दोनदा.

आता प्रिंटआउट ठेवा कपाटात. बुटाचा रिकामा खोका घ्या, एका बाजूला दार कापा, झाला गोठा. चार प्लास्टिकचे प्राणी, चारच, पन्नासचा डबा एकदम ओतू नका. दारावर टक टक करायचं, 'कोण आलं? हम्मा आली!' गाय आत. परत टक टक. रोज तेच शब्द, त्याच सुरात, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. चारपाच दिवसांनी 'कोण आलं?' म्हणून थांबा. तोंड बंद ठेवून मनात पाच ते दहा आकडे मोजा, त्याच्याकडे बघत राहा. सगळ्यात अवघड काम हेच आहे, आईबाबांना पाच सेकंदसुद्धा गप्प राहवत नाही 😄

आणि ते 'हे काय? गाय कशी करते? सांग ना काकांना' बंद करा. ती परीक्षा झाली. त्याऐवजी तो जे करतोय ते बोला: गाय पडली. गाय उठली. खा खा. संपलं. नावांपेक्षा ही क्रियापदं जास्त कामाला येतात, कारण ती जेवताना, आंघोळीला, जिन्यावर सगळीकडे लागतात. तो 'गाय' म्हणाला की तुम्ही एकच शब्द जोडून परत द्या, 'गाय आली'. अख्खं वाक्य ओतू नका.

सांगलीकर_काकू
माझा नातू मुंबईचा, मे महिन्यात आला तेव्हा तीनचा होता, जेमतेम बोलायचा. मोबाईलवर गाय बघून मू मू करायचा आणि गोठ्यात खरी गाय हंबरली तर पळत घरात, दोन दिवस गोठ्याकडे फिरकला नाही. आम्ही जबरदस्ती केली नाही. लांबून वैरण टाकायची, मग जरा जवळून. आठवड्याने पहिला नवा शब्द काय शिकला माहितीये, 'हाड'! कुत्रं अंगणात आलं की हात वर करून हाड. सुनबाईला आवडलं नाही पण शब्द तो शब्द. मग कोंबड्यांना दाणे टाकताना 'घे', चिमणी उडाली की 'भुर्र'. परत जाईपर्यंत हे तीन पक्के झाले होते.
एक मात्र, ते परातीत ज्वारी भरून त्यात प्राणी लपवायचा खेळ करतात ना, तो करा पण पोराजवळून हलू नका. आमच्याकडे दाणा नाकात गेला होता, रात्री अकराला तालुक्याला पळावं लागलं.

दोन_शब्द_पुरेत
काकूंशी सहमत. मी अजून एक टाकतो, हे तुमच्या पुढच्या वर्षीसाठी. माझी मुलगी चार वर्षांची, बोलते भरपूर पण सगळं 'आला'. गाय आला, आई आला, पिल्लू आला. इंग्रजी वर्कशीटमध्ये याला उत्तरच नाही, त्यांच्याकडे ही भानगड नाही ना. आमच्या थेरपिस्ट ताईंनी गोठ्याचंच पुढे नेलं: बैल आला, गाय आली, वासरू आलं. प्राण्यांची पिल्लं आपल्याकडे बहुतेक 'ते', म्हणजे वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, त्यामुळे आई आणि पिल्लू जोडीने दारातून आणलं की आली-आलं आपोआप शेजारी शेजारी ऐकू येतं. तसंच गोठा पण गोठ्यात, खुराडं पण खुराड्यात. मला स्वतःला करडू शेळीचं आणि कोकरू मेंढीचं हे पस्तिसाव्या वर्षी कळलं, ते सोडा.

बघू_नंतर
कशाला एवढा खटाटोप? माझा भाऊ साडेतीनला बोलायला लागला, आज वकील आहे, गप्प बसत नाही. पूर्वी कुठे होती थेरपी? थीमबीम सगळी फॅडं आहेत. मुलं बोलतात आपापल्या वेळेला.

ओठ_मिटा_बरं
@बघू_नंतर भाऊ बोलले याचा आनंदच आहे, पण जी पोरं बोलली नाहीत त्यांचे किस्से कोणी सांगत नाही. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी (बाबा ये, दूध दे) अपेक्षित असते, त्याच्या बरंच मागे असेल तर आधी कान तपासायचे आणि मग थेरपिस्टला दाखवायचं. कोणाचं मूल आपोआप बोलेल आणि कोणाचं नाही हे घरबसल्या ओळखता येत नाही. थीम फॅड आहे म्हणालात तर अर्धं मान्य, गाईत जादू नाही. महिनाभर तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात, सगळी गंमत त्यात आहे. गाय नको असेल तर रेल्वे घ्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: खाजगी सेशनचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना) जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे लवकर उपचाराची केंद्रं आहेत, तिथे मोफत होतं. सिव्हिलमध्ये चौकशी करा, नाहीतर अंगणवाडीताईंना विचारा. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवण हेच त्यांचं काम. आणि कुठेही गेलात तरी थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का ते बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही.

जर्सीतला_जोशी
इथे अमेरिकेत बार्न खरंच लाल असतात 😀 ऑक्टोबरात भोपळे आणायला शेतावर जातो तेव्हा ट्रॅक्टरमागे गवतावर बसून फेरी असते, लेकीला डेकेअरचं मू तिथेच उपयोगी पडतं आणि घरी आजीशी व्हिडिओ कॉलवर हम्मा. तिने दोन्ही ठेवलंय. आम्हालाही भीती होती की दोन भाषांमुळे उशीर होतोय, इथल्या थेरपिस्टने स्पष्ट सांगितलं तसं काही नसतं, तुम्हाला जी भाषा मनापासून येते ती बोला. तर मिस्टरांना सांगा, काऊ शाळेत येईल आपोआप. (आणि आपल्याकडे काऊ म्हणजे कावळा, पोरगं कन्फ्यूज होईल ते वेगळंच.)

वऱ्हाडी_ठेचा
श्रावण चालू हाय, पोळा आलाच की. बाजारात मातीचे बैल येतील, घ्या जोडी. आमच्या नागपुराकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते, लेकरं चाकाचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. माझा पोट्टा त्या बैलाला दोरी धरून 'चल' आणि 'थांब' शिकला. बैल थांबला की खाऊ. प्लास्टिकच्या सेटाले उगाच हजार रुपये घालू नका.

पिंट्याची_आई
सगळ्यांना थँक्यू, काऊ म्हणजे कावळा हे वाचून नवरा गप्प झालाय. खोक्याचा गोठा केला. पहिले चार दिवस त्याने फक्त दार उघडझाप केलं, गाईकडे बघितलंही नाही. मी मनात दहा मोजायचे, तो निघून जायचा. काल मंडईतून मातीची बैलजोडी आणली, म्हटलं गोठ्यात ठेवेल. तर गडी एक बैल घेऊन थेट बाथरूममध्ये, आणि बादलीत टाकून म्हणतो 'बुडा'. मी म्हटलं बैल बुडाला! तर परत 'बै बुडा'. पंधरा वेळा तरी. दोन शब्द जोडून पहिल्यांदाच बोललाय. गोठा राहिला बाजूला.

ओठ_मिटा_बरं
अरे वा!! मग बादलीच वापरा, तो जिथे नेतोय तिथे जा. माऊ बुडाली, बॉल वर आला, सगळं होईल. आणि मॅडमना नक्की सांगा. फक्त पाण्याजवळ एकटं सोडू नका, आणि मातीचे बैल बरेचदा कच्चे असतात, रंगपण सुटतो, तोंडात घालू देऊ नका. पाण्यासाठी प्लास्टिकचा घ्या, मातीचा विरघळेल.

पिंट्याची_आई
विरघळला ऑलरेडी. एक शिंग राहिलंय, ते घेऊन झोपलाय.