घराजवळचं ग्रीक हॉटेल: तुमचे अनुभव लिहा

टोरांटो (धागा काढणारी)

डॅनफोर्थ अव्हेन्यूजवळ राहायला आल्यापासून आमचं बाहेर जेवणं म्हणजे बहुतेक वेळा ग्रीक. इथे रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर ग्रीक अक्षरं आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत येऊन वसलेली कुटुंबं आता बरीचशी उपनगरांत गेली, पण हॉटेलं टिकून आहेत आणि रविवारी तीच कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन जेवायला येतात. आमचं ठरलेलं हॉटेल अगदी लहान आहे. टेबलांवर कागद अंथरलेला, आत कोळशाच्या धुराचा वास. बाबा पुण्याहून आले होते, त्यांना ते फार आवडलं; कारण पदार्थ टेबलाच्या मधोमध येतात आणि सगळे सगळ्यातलं खातात.

तिथलं सागानाकी मागवाच. चीजचा जाड तुकडा पिठात घोळवून दोन कानांच्या छोट्या कढईत तळतात. वर लिंबू पिळलं की चर्र होतं. कडा तपकिरी, कुरकुरीत आणि आतून मऊ. गप्पांत राहिलात तर पाच मिनिटांत चिवट होतं, म्हणून आधी खाऊन घ्या. उत्तर अमेरिकेत त्यावर ब्रँडी ओतून जाळ करतात आणि ‘ओपा!’ ओरडतात. ती पद्धत शिकागोच्या ग्रीकटाउनमधली.

तुम्ही कुठे जाता, शाकाहारींना काय मिळतं, मुलं काय खातात, खिशाला किती बसतं, सगळं लिहा. समुद्र दाखवून पैसे घेणारी महागडी ठिकाणं इथे नकोत. रोजच्या माणसांची हवीत.

पांग्राती, अथेन्स

मी पूर्ण शाकाहारी, त्यामुळे इथे बदली झाली तेव्हा घरच्यांनाच जास्त काळजी होती. पण इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासांनी माझी सोय करून ठेवली आहे. ईस्टरच्या आधी सहा-सात आठवडे मांस, अंडी, दूधदुभतं बंद असतं आणि काटेकोर पाळणारे वर्षभर बुधवार-शुक्रवारही धरतात. अशा जेवणाला ‘निस्तिसिमा’ म्हणतात. हा शब्द पाठ करा, इथे फार उपयोगी पडतो. (कालवं, कोळंबी मात्र त्यांना उपवासाला चालतात, तेवढं वेगळं विचारा.)

आमच्या गल्लीतल्या तावेर्नात, म्हणजे साध्या घरगुती हॉटेलात, मेन्यूवर ‘लाधेरा’ असा वेगळा भाग आहे: ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. फरसबी टोमॅटोत, भेंडी टोमॅटोत, वांगी-बटाटे-झुकिनीचं ब्रियाम. माझा सगळ्यात आवडता पदार्थ यीगांतेस, म्हणजे चांगल्या मोठ्या, चपट्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया. भिजवून, उकडून, टोमॅटोच्या रसात भट्टीत भाजतात. वरच्या थरातल्या बियांची सालं थोडी करपतात, खालच्या लोण्यासारख्या होतात. ताटलीत उरलेलं तेल पावाने पुसून खायचं, तिथे कुणी बघत नाही. सगळे तेच करत असतात.

दोन गोष्टी सांभाळा. ढोबळी मिरची-टोमॅटोत भात भरलेलं येमिस्ता कधी खिमा घालून करतात, तेव्हा ‘होरीस किमा’ (खिम्याशिवाय) आहे ना, हे विचारायचं. आणि फेटा पारंपरिक रीतीने प्राणिजन्य रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) घालून करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी भाज्या आणि सांतोरिनीच्या पिवळ्या डाळीचा ‘फावा’ घ्यावा.

पाव न मागता येतो, त्याचे थोडे पैसे बिलात लागतात. ही फसवणूक नाही, रीत आहे. आठ वाजता गेलात तर हॉटेल रिकामं दिसेल. इथली माणसं नऊनंतर येतात. आणि बिल मागितल्याशिवाय कोणी आणून टाकत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. माणशी वीस युरोच्या आसपास पोट भरून जेवण होतं, वर शेवटी कलिंगडाच्या फोडी किंवा हलवा मालकाकडून.

रत्नागिरी (मर्चंट नेव्ही)

कंपनी ग्रीक मालकाची, ऑफिस अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरात. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने बंदराच्या मागच्या गल्लीत नेलं होतं. भिंतीवर फळा, आज काय मासळी आली ते खडूने लिहिलेलं. गाव्रोस घेतला, तो आपल्या मांदेलीच्याच कुळातला. मैद्यात घोळवून अख्खा तळलेला, डोक्यासकट खायचा. सोबत होर्ता, म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर तेल आणि लिंबू. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं? मसाला नसूनही मासळीची चव पूर्ण लागली, कारण ती ताजी होती. उझो या ग्रीक दारूत पाणी पडलं की बडीशेपेसारख्या वासाच्या त्या तेलामुळे तो दुधाळ होतो. घाई न करता, मध्ये खात खात प्यायचा.

जर्मनी, श्टुटगार्टजवळ

१९६०च्या करारानंतर ग्रीक कामगार इकडे आले, त्यामुळे छोट्या गावातही एखादं ‘अक्रोपोलिस’ किंवा ‘पोसायडन’ असतंच. गिरोस, सुवलाकी अशा भाजलेल्या मांसाचं भलंमोठं ताट, कोबीची कोशिंबीर, त्झात्झिकी (दही-काकडीची चटणी), आणि बसल्या बसल्या उझोचा छोटा ग्लास फुकट. शाकाहारींसाठी फार नाही. पण मालकीणबाई आमच्या मुलीला नावाने हाक मारतात, तिच्यासाठी भाजलेला फेटा मिरची न घालता आणतात. आमचे वाढदिवस तिथेच होतात.

मेलबर्न

ओकलीला या. ईटन मॉलमध्ये म्हातारे ग्रीक काका दुपारभर कॉफी घेऊन बसलेले दिसतील. मुलांसाठी लुकुमादेस: पिठाचे तळलेले गरम गोळे, वर मध आणि दालचिनी.

एक तक्रार आहे. दुसऱ्या एका उपनगरात ‘ग्रीक सॅलड’ म्हणून लेट्यूसचा ढीग आणि गाईच्या दुधाच्या चीजचे चौकोन आले. होरियातिकीत, म्हणजे खऱ्या ग्रीक सॅलडमध्ये, लेट्यूस नसतो! टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची, ऑलिव्ह, आणि वर फेट्याची अख्खी वडी, त्यावर ओरेगानो. युरोपात तर २००२ पासून फेटा हे नाव ग्रीसमधल्या मेंढीच्या, फार तर तीस टक्के शेळीच्या दुधाच्या चीजलाच वापरता येतं.

टोरांटो (धागा काढणारी)

पांग्रातीताई, तो हलवा कसला असतो? आमच्याकडे तिळाचा मिळतो.

पुणे

मी सांगते. लेकीकडे अथेन्सला राहून शिकून आले. तो रव्याचा हलवा, आपल्या शिऱ्याचा चुलतभाऊच. प्रमाण एक-दोन-तीन-चार: एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन साखर, चार पाणी. तेल ऑलिव्हचं, तूप-लोणी नाही, म्हणून त्यांच्या उपवासाला चालतो. रवा जाडाच घ्या आणि चांगला बदामी होईपर्यंत भाजा. साखर-पाणी, दालचिनीची काडी आणि संत्र्याची साल वेगळी उकळून त्यावर ओता. जोरात उडतं, पातेलं खोल हवं. घट्ट झालं की साच्यात दाबून गार करायचं आणि उलटं काढून वर दालचिनीची पूड. तिकडे तो गारच खातात. मी साखर अडीच वाट्या घालते, इकडे तेवढी पुरते.