मोठ्या क्लबांनी लीगचा कारभार हातात घेतला तर बिघडलं कुठं?

रंकाळा_रेड

मंडळी, एक वाद मिटवा. विषय इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा. मी मँचेस्टर युनायटेडवाला. माझं म्हणणं सरळ आहे. जग मॅच बघतंय ते युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनलसाठी. बोर्नमथ-ब्रेंटफर्ड बघायला कोल्हापुरात मध्यरात्री कोण जागतंय? मग ज्यांच्यामुळं पैसा येतो त्यांनी लीग कशी चालवायची ते ठरवलं तर बिघडलं कुठं?

२०२१ च्या सुपर लीगला, म्हणजे मोठ्या क्लबांनी युरोपातली चालू स्पर्धा सोडून स्वतःपुरती काढलेल्या स्पर्धेला, मीबी शिव्या घातल्यात. पण ते घर सोडून निघाले होते. घरात राहून किल्ल्या मागितल्या तर त्यात काय एवढं? माझा एक मित्र म्हणतोय की हे सुपर लीगपेक्षा वाईट. का, ते काय त्याला सांगता येईना, नुसता आवाज चढवतोय. इंग्लंडात राहणारं कोणी हाय का इथं?

गिगलेनकर

आहे की. मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी म्हणून गाव आहे, तिथे राहतो.

पहिली गोष्ट, किल्ल्या क्लबांकडेच आहेत. प्रीमियर लीग ही २० क्लबांच्या मालकीची कंपनी आहे. दर क्लबाला एक शेअर, एक मत. एफएकडे, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेकडे, एक खास शेअर आहे, पण त्याचा उपयोग मोजक्या बाबतींत नकाराधिकार वापरण्यापुरता. नियम बदलायला १४ मतं लागतात, म्हणजे अडवायला सात. आता मोठे क्लब मोज: युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी, टॉटनहॅम. सहा! स्वतःच्या जोरावर काही करून घेणं सोडच, नको असलेलं अडवायलासुद्धा त्यांना सातवा गडी शोधावा लागतो. सहकारी साखर कारखान्यात दोन एकर ऊसवाल्याला आणि चाळीस एकरवाल्याला मत एकच असतं ना, तसं. चाळीस एकरवाल्याला ते खुपणारच.

आता ऑक्टोबर २०२० कडे ये. कोविडमुळे स्टेडियम रिकामी, खालच्या तीन डिव्हिजनमधले क्लब तिकिटांच्या पैशावर जगणारे, त्यांचे हाल कुत्रा खाईना. नेमक्या त्या वेळी ‘प्रोजेक्ट बिग पिक्चर’ नावाचा मसुदा फुटला. त्यामागे लिव्हरपूल आणि तुझं युनायटेड. त्यात काय काय होतं बघ. खालच्या क्लबांना लगेच २५ कोटी पौंड. पुढे कमाईतला २५ टक्के वाटा. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना २० पौंडांच्या वर तिकीट नाही. वाचून मलाही वाटलं, झकास!

मग पुढचं पान. लीग २० वरून १८ क्लबांची. लीग कप बंद. आणि ‘एक क्लब, एक मत’ मोडीत. सगळ्यात जास्त काळ लीगमध्ये टिकलेल्या नऊ क्लबांना खास अधिकार. हे नऊ म्हणजे वरचे सहा, शिवाय एव्हर्टन, साउदॅम्प्टन, वेस्ट हॅम. आणि या नवांपैकी किती जणांनी हात वर केला की निर्णय पक्का? सहा. मुख्य कार्यकारी अधिकारी काढायचा, टीव्हीचे करार करायचे, एवढंच काय, दुसऱ्या क्लबाला नवा मालक मिळत असेल तर तोसुद्धा अडवायचा. तुझ्या मित्राला हेच म्हणायचं असणार. सुपर लीगवाले युरोपात वेगळी स्पर्धा खेळले असते, तरी प्रीमियर लीगमध्ये बाकीच्या १४ जणांचं मत शाबूत राहिलं असतं. इथे त्या १४ जणांनी त्याच लीगमध्ये राहायचं, पण विचारणार कोणी नाही.

आणि तुझ्यासाठी खास कलम: परदेशातल्या प्रेक्षकांना वर्षाला आठ मॅचेस क्लबाने स्वतःच्या ॲपवरून परस्पर विकायच्या. म्हणजे तुझ्या नेहमीच्या सबस्क्रिप्शनवर अजून एक.

खालच्या लीगांचे अध्यक्ष रिक पॅरी या मसुद्याच्या बाजूने उभे राहिले. १९९२ मध्ये वरच्या २२ क्लबांनी खालच्यांना सोडून वेगळी चूल मांडली, तेव्हा प्रीमियर लीगचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी हेच पॅरी! पण मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण त्याच्या वर्षभर आधी आमच्या गावात काय झालं ते डोळ्यासमोर होतं. बेरी एफसी १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २७ ऑगस्ट २०१९ ला पैशाअभावी लीगमधून हाकलला. त्या दिवशी सकाळी शेकडो माणसं झाडू, बादल्या, रंगाचे डबे घेऊन क्लबाच्या गिग लेन मैदानावर आली होती, खुर्च्या पुसत होती. शेवटच्या घटकेला कोणीतरी क्लब विकत घेईल आणि शनिवारी मॅच होईल, ही आशा. संध्याकाळी पाचची मुदत होती. खरेदीदार मागे फिरला. अशा क्लबासमोर कोणी २५ कोटींची थैली ठेवली तर कोण मतांचा हिशेब मांडत बसेल?

मसुदा तीन दिवसांत बारगळला. सगळ्या २० क्लबांनी नाकारला, म्हणजे लिव्हरपूल आणि युनायटेडनेही. जमत नाही म्हटल्यावर साळसूदपणे हात वर. सहा महिन्यांनी, १८ एप्रिल २०२१ ला, तेच सहा सुपर लीगच्या यादीत.

हिशेबतपासनीस

छोट्या क्लबांना एवढं बिचारं करू नका हो. तिथेही मालक अब्जाधीशच आहेत. आणि त्यांनीही मताचा वापर आडकाठीसाठी केलाय. पाच बदली खेळाडूंचं आठवा. २०२०-२१ मध्ये युरोपातल्या बाकी मोठ्या लीगांत पाच, इथे मात्र तीन. लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप आणि सिटीचे ग्वार्डिओला घसा कोरडा करून सांगत होते की खेळाडू दुखापतींनी जायबंदी होतायत. पण मोठ्यांचा बेंच तगडा, त्यांचा फायदा होईल म्हणून छोट्यांनी ठराव पाडला, तोही एकदा नव्हे. एक क्लब, एक मत म्हणजे शहाणपणाची हमी नाही.

गिगलेनकर

बदली खेळाडूंचं सोळा आणे मान्य, तो कद्रूपणाच होता. पण २०२२-२३ पासून पाच झालेच की, आणि नियम न मोडता १४ मतं जमवून. २०१८ मध्ये परदेशी प्रक्षेपणाच्या पैशाचंही तेच. तोपर्यंत तो सगळ्यांत सारखा वाटला जायचा. मोठे अडून बसले, तेव्हा वाढीव रक्कम क्रमवारीनुसार द्यायचं ठरलं, मात्र पहिल्या आणि शेवटच्या क्लबात १.८ पटींपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, ही अट घालून. मोठ्यांना मिळतं हो, फक्त मागावं लागतं.

मडगावचो_पाव

आमच्याकडे गंमत बघा. आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, पुढच्या भागीदारासाठी टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही. मग क्लबच म्हणाले, लीग आम्हाला चालवायला द्या. मी एफसी गोवाचा, आणि मला ते पटलं. पण तिथे मोठा-छोटा हा प्रश्नच नव्हता, गाडी चालवायला कोणीच बसेना म्हणून प्रवासी पुढे आले. त्यामुळे कोणी ‘भारतातही क्लबांना सत्ता हवी’ म्हणून दोन्ही एकाच पंगतीला बसवलं की मला राग येतो.

रंकाळा_रेड

ते आठ मॅचेसचं कलम कुणीच सांगितलं नव्हतं राव! बरं, आता परत असलं काय काढलं तर अडवणार कोण? ते नवीन सरकारी नियामक आलंय म्हणे.

गिगलेनकर

आलंय. जुलै २०२५ मध्ये कायदा झाला, स्वतंत्र नियामक नेमलाय. सुपर लीगसारख्या फुटीर स्पर्धेत इंग्लिश क्लबांना जाऊ न देण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. वरच्या-खालच्या लीगांत पैशावरून जुळलं नाही तर त्यातही तो पडू शकतो. पण प्रीमियर लीगच्या बैठकीत कोणी किती हात वर करायचे, ते अजून क्लबच बघतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचा ठराव आला होता. १४ विरुद्ध ६ ने पास झाला. एक मत फिरलं असतं तर पडला असता.